वर्गातील निनाद आणि घरातील गोधडी

नांदेडहून उमरखेड-यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग हदगाववरून जातो. या तालुक्यातील एखाद्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळच्या वेळी गेल्यास नेहमीचेच दृश्य दिसते. सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंती, फरशीची जमीन, वर स्लॅब किंवा पत्रा, आणि समोर तीस-पस्तीस मुले. गुरुजी फळ्यावर शब्द लिहून मोठ्याने उच्चारतात आणि मुले त्यांच्यामागून म्हणतात. पुढच्या रांगेतील मुलांचे उच्चार बरोबर येतात. मागच्या रांगेतील काही मुले मात्र ‘पाठ’ ऐवजी ‘पाट’ आणि ‘धार’ ऐवजी ‘दार’ लिहितात. गुरुजी आवाज चढवतात. तरीही चूक सुटत नाही. उलट दुपारपर्यंत त्यांचाच घसा बसतो.

अशा वेळी मुलांचे लक्ष नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो. पुष्कळदा दोष मुलांचा नसून खोलीचा असतो. खोली आवाज परत फेकते, तो बराच वेळ रेंगाळतो, आणि रेंगाळणाऱ्या आवाजात पुढचे अक्षर बुडून जाते. या दोषावरचा एक उपाय प्रत्येक घरात घडी करून ठेवलेला असतो. तो उपाय म्हणजे कापड. गोधडी, घोंगडी, जाजम, सतरंजी आणि गादी या वस्तू थंडीप्रमाणेच गोंगाटावरही उपयोगी पडतात. मात्र कापडाने काय साधते आणि काय साधत नाही, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याचा उपयोग करू गेल्यास खर्च वाया जाण्याचा संभव आहे.

आवाज रेंगाळतो म्हणजे काय?

ध्वनी म्हणजे हवेतील कंपन. बोलणाऱ्याच्या कंठातून निघालेले कंपन हवेच्या एका थरातून दुसऱ्या थरात जात पुढे सरकते. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. मोकळ्या शेतात मारलेली हाक चहूकडे पसरून विरून जाते. बंद खोलीत तिला वाट नसते. ती भिंतीवर आदळते, परत फिरते, समोरच्या भिंतीवर आदळते आणि पुन्हा परत येते. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गात ध्वनी एका सेकंदात शंभराहून अधिक वेळा कोठल्या ना कोठल्या पृष्ठभागावर आदळतो.

प्रत्येक धडकेत त्याचा काही अंश पृष्ठभाग शोषून घेतो. गिलावा केलेली गुळगुळीत भिंत शेकडा एक ते तीन इतकाच ध्वनी शोषते आणि बाकीचा परत करते. त्यामुळे मूळ आवाज थांबल्यावरही खोलीत त्याचा निनाद चालू राहतो. नव्या घरात सामान लावण्यापूर्वी बोलले तर आवाज घुमतो, आणि सामान, अंथरुणे व माणसे आली की तो घुमायचा थांबतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. रिकामे मंगल कार्यालय आणि वऱ्हाडाने भरलेले तेच कार्यालय यांतील फरकही असाच आहे. विजापूरच्या गोलघुमटात साधी टाळीसुद्धा पुनःपुन्हा ऐकू येते. तेथील प्रवाशाला त्याची मौज वाटते, परंतु तोच गुण वर्गात आला की ती आपत्ती ठरते.

आवाजाची तीव्रता मूळच्या दहा लक्षांश होण्यास जितका वेळ लागतो, त्याला त्या खोलीचा निनादकाल म्हणतात. डेसिबलच्या भाषेत ही ६० डेसिबलची घट होय. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत शाळेच्या वर्गासाठी हा काल सुमारे ०.६ सेकंद असावा आणि बाहेरून येणारा गोंगाट ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे म्हटले आहे.

व्यंजनांची हानी

बोलण्यातील स्वर आणि व्यंजने यांचे बळ सारखे नसते. ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर दीर्घ व जोरकस असतात. त्यांची शक्ती मुख्यतः खालच्या व मधल्या पट्टीत असते. त, थ, ट, ठ, स, श ही व्यंजने क्षणिक व दुर्बळ असतात, आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या खुणा बहुतांशी दोन हजार ते चार हजार हर्ट्झ या वरच्या पट्टीत असतात. शब्दाचा अर्थ मात्र बहुधा व्यंजनांवरच अवलंबून असतो. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘दार’ आणि ‘धार’ या जोड्यांत फरक केवळ एका महाप्राणाचा आहे.

शिक्षक सर्वसाधारणपणे सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतात. निनाद दीड-दोन सेकंद टिकला तर आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते आणि ते व्यंजन झाकले जाते. मोठ्या माणसाला भाषेची सवय असते. अर्धवट ऐकलेला शब्द तो संदर्भाने पुरा करतो. सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ शब्दांचा तो साठा नसतो.

हदगाव परिसरात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. येथील तांड्यांवरील बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात. काही घरांत उर्दू बोलली जाते. शेजारच्या किनवट भागात गोंडी, कोलामी व तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. या मुलांच्या दृष्टीने मराठी ही शाळेत आल्यावर शिकावयाची भाषा आहे. नवी भाषा शिकणाऱ्याला शब्द अधिक स्वच्छ ऐकू यावा लागतो, कारण न ऐकलेला भाग अंदाजाने भरून काढणे त्याला कठीण जाते. सर्दीने किंवा कान वाहत असल्याने ज्यांना थोडे कमी ऐकू येते, त्या मुलांचीही हीच अडचण आहे. घुमणारी खोली ज्या मुलांना आधीच अडचण आहे त्यांचेच अधिक नुकसान करते.

उशांनी शिकवलेला धडा

ध्वनी आणि कापड यांचा संबंध प्रथम मोजून दाखवणारी घटना अमेरिकेत घडली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवे व्याख्यानगृह बांधून पुरे झाले होते. इमारत देखणी होती, परंतु तेथील व्याख्यान कोणालाच कळत नसे, कारण उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही. त्यावर उपाय शोधण्याचे काम पदार्थविज्ञान शिकवणारे तरुण प्राध्यापक वॉलेस सेबाइन यांच्याकडे देण्यात आले.

सेबाइन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांवरच्या कापडी गाद्या रात्री व्याख्यानगृहात आणल्या. रहदारी थांबल्यावर ऑर्गनची नळी वाजवून, ती थांबल्यानंतर आवाज किती वेळ ऐकू येतो हे ते घड्याळाने मोजत. थोड्या गाद्या मांडाव्यात, मोजावे, पुन्हा आणखी मांडाव्यात, पुन्हा मोजावे, असा क्रम चालला. जवळजवळ सर्व गाद्या मांडल्यावर निनाद सव्वा सेकंदाच्याही आत आला. सकाळ होण्यापूर्वी त्या परत नाट्यगृहात पोहोचवाव्या लागत.

या प्रयोगांतील एक गोष्ट विशेष बोधप्रद आहे. आपल्या अंगावरचे कपडे बदलले की मोजमाप बदलते, असे सेबाइन यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी आधीची हजारो निरीक्षणे बाजूस ठेवली आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घालून मोजमाप केले. एका माणसाच्या अंगावरील कोट-विजारीचाही हिशेब लागावा, इतका कापडाचा ध्वनीवर परिणाम होतो. या परिश्रमांतून जे सूत्र निघाले ते आजही जगभर वापरले जाते. खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे, म्हणजे निनादकाल सेकंदांत मिळतो. शोषणाचे माप उघड्या खिडकीवरून घेतलेले आहे. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक पूर्ण एकक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

कापूस ध्वनी कसा गिळतो?

नांदेड जिल्ह्याला कापसाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. येथील गावरान कापूस एके काळी दूरवर प्रसिद्ध होता. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात विकसित झालेले एनएचएच-४४ हे संकरित वाण राज्यभरातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे झाले. उस्मानशाही गिरणीचा भोंगा आता इतिहासजमा झाला असला, तरी नांदेडला तयार होणारे खादीचे राष्ट्रध्वज आजही देशभर जातात. या कापसाच्या धाग्यातच ध्वनिशोषणाचे रहस्य आहे.

पिंजाऱ्याने पिंजून फुलवलेला कापूस हातात घेतला तर तो भरपूर दिसतो, पण त्यात प्रत्यक्ष कापूस फारच थोडा असतो. एक घनमीटर जागेत ३० किलो कापूस सैलसर भरला, तर त्या जागेचा शेकडा दोन इतकाच भाग तंतूंनी व्यापलेला असतो आणि अठ्ठ्याण्णव भाग हवा असते. तंतू मात्र अतिशय बारीक असतात. त्यांची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी भरते. त्यामुळे एक किलो कापसातील सर्व तंतूंचा पृष्ठभाग एकत्र केला तर तो दीडशे चौरस मीटरच्या आसपास होतो.

ध्वनी अशा थरात शिरला की हवेचे कण या असंख्य तंतूंच्या अरुंद फटींतून पुढे-मागे हलू लागतात. प्रत्येक हालचालीत ते तंतूंना घासतात. या घर्षणाने कणांची गती मंदावते आणि ध्वनीच्या शक्तीचे रूपांतर उष्णतेत होते. शिवाय ध्वनीमुळे हवा क्षणोक्षणी दाबली व सैल केली जाते. त्या वेळी निर्माण होणारी किंचित उष्णताही तंतू शोषून घेतात. ही उष्णता इतकी अल्प असते की हाताला जाणवत नाही; पण ध्वनी मात्र क्षीण होतो. लोकर, ताग, नारळाचा काथ्या किंवा कृत्रिम धागे यांचे कार्यही याच रीतीने चालते.

यावरून चांगल्या शोषक कापडाची परीक्षा सहज करता येते. कापड तोंडाशी धरून फुंकर घालावी. फुंकर काहीशा अडथळ्याने पलीकडे जात असेल तर ते कापड उपयोगाचे होय. मुळीच अडथळा नसेल, तर ध्वनीही तसाच आरपार जाईल. फुंकर अजिबात पलीकडे जात नसेल, तर ध्वनी आत न शिरता परत फिरेल. म्हणूनच जाड गोधडीवर रेक्झीनचे किंवा प्लास्टिकचे आवरण घातले, अथवा कापडावर तैलरंग दिला, तर तिचा गुण मोठ्या प्रमाणात नष्ट होतो.

जाडी, घडी आणि अंतर

सर्व कापडे सारखी नसतात. हलके मखमली कापड ताणून भिंतीलगत लावले, तर ५०० हर्ट्झच्या पट्टीत ते शेकडा अकराच भाग ध्वनी शोषते. तशाच जातीचे जड कापड भरपूर चुण्या पाडून टांगले, म्हणजे त्याची रुंदी निम्मी केली, तर शोषण शेकडा पंचावन्नपर्यंत जाते आणि एक हजार हर्ट्झला सत्तरच्या वर पोहोचते. नाट्यगृहाचा पडदा चुण्यांचा असतो, त्याने शोभेबरोबर हेही काम साधते.

दुसरा मुद्दा अंतराचा. भिंतीला अगदी लागून हवेचे कण हलू शकत नाहीत. कण हललेच नाहीत तर घर्षण नाही, आणि घर्षण नाही तर शोषण नाही. भिंतीपासून तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शावर ही हालचाल सर्वांत अधिक असते. एक हजार हर्ट्झच्या ध्वनीसाठी हे अंतर सुमारे साडेआठ सेंटिमीटर, तर ५०० हर्ट्झसाठी सतरा सेंटिमीटर येते. म्हणून गोधडी भिंतीला खिळ्यांनी ठोकून बसवण्यापेक्षा लाकडी पट्टीवरून भिंतीपासून वीतभर पुढे टांगलेली अधिक चांगली. १२५ हर्ट्झच्या खालच्या, घनगंभीर आवाजासाठी हेच अंतर दीड हाताच्या जवळपास जाते. त्यामुळे ढोलाचा दणका किंवा ट्रकच्या इंजिनाची घरघर पातळ कापडाने कमी होत नाही.

घरातील वस्तूंचा विचार केला तर जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे अनेक पदर एकत्र टाचून केलेली गोधडी उत्तम ठरते. मात्र टाके अतिशय दाट व आवळलेले नसावेत. पदरांमध्ये पिंजलेला जुना कापूस घातल्यास अधिक चांगले. धनगरांच्या मागावर विणलेली लोकरीची घोंगडी जाड व सच्छिद्र असल्याने अंतर ठेवून टांगण्यास योग्य आहे. रिकाम्या पोत्याचा गोणपाट एकेरी असला तर फारच विरळ पडतो. दुहेरी करून आत कापूस किंवा चिंध्या भरल्यास कामाचा होतो. जमिनीवरील पातळ सतरंजीचे प्रत्यक्ष शोषण थोडे असते. परंतु पावलांचा आणि बाके सरकवण्याचा आवाज ती मुळातच होऊ देत नाही, हा तिचा वेगळा लाभ आहे.

एका वर्गाचा हिशेब

वर उल्लेखिलेल्या आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच वर्गाचेच उदाहरण घेऊ. घनफळ १४४ घनमीटर. भिंती, जमीन व छत मिळून १८० चौरस मीटर पृष्ठभाग. त्याचे शोषण शेकडा तीन धरले तर एकूण ५.४ एकक होते. दारे-खिडक्या बंद असलेल्या रिकाम्या वर्गाचा निनादकाल त्यावरून ४.३ सेकंद येतो. वर्गात तीस मुले बसली आणि प्रत्येक मुलाचे शोषण पाव एकक धरले, तर एकूण १२.९ एकक होऊन निनादकाल १.८ सेकंदांवर येतो. शिकवण्यासाठी हाही फार आहे.

आता या वर्गात तीस चौरस मीटर जाड गोधड्या भिंतीपासून अंतर ठेवून टांगल्या आणि त्यांचे शोषण शेकडा साठ धरले, तर १८ एककांची भर पडते. निनादकाल सुमारे पाऊण सेकंदावर येतो. अपेक्षित ०.६ सेकंदाच्या हा बराच जवळ आहे. वर्गातील एकूण गोंगाटही तीन ते चार डेसिबलने उतरतो. आकडा लहान वाटला तरी त्याचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. खोली शांत झाली की मुले आपण होऊन हळू बोलतात. गोंगाटात प्रत्येकजण दुसऱ्यावर आवाज चढवतो, आणि शांततेत ती चढाओढ थांबते.

गोधड्या कोठे टांगाव्यात, हेही महत्त्वाचे आहे. शिक्षकांच्या मागची, फळ्याची भिंत उघडी ठेवावी. तिच्यावरून परतलेला आवाज जवळजवळ मूळ आवाजाबरोबरच मुलांकडे जातो आणि शिक्षकांना साहाय्यच करतो. छताचा मधला भागही त्याच कारणासाठी मोकळा असावा. कापडाची खरी जागा म्हणजे मुलांच्या पाठीमागची भिंत आणि बाजूच्या भिंतींचा वरचा भाग. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी निदान एकीवर कापड असावे. सर्व बाजू कापडाने मढवणे मात्र इष्ट नाही. तसे केल्यास शिक्षकांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाही.

हाच नियम ग्रामपंचायतीच्या सभागृहाला लागू आहे. ग्रामसभेत शब्द समजत नाहीत म्हणून ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवण्यात येतो. त्याने बोलणे जितके मोठे होते, तितकाच निनादही मोठा होतो, आणि शब्द पूर्वीइतकाच अस्पष्ट राहतो. मागच्या भिंतीवर जाड पडदे टांगून ध्वनिवर्धक लहान केला, तर मागे बसलेल्या स्त्रियांनाही ठरावाचा शब्द न् शब्द ऐकू येऊ शकतो.

जे कापडाने होत नाही

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. खोलीतला आवाज शोषणे आणि बाहेरचा आवाज अडवणे ही दोन भिन्न कामे आहेत. आवाज अडवण्यासाठी वजन लागते आणि छिद्ररहित आडपडदा लागतो. वीटकामाच्या नऊ इंची भिंतीचे वजन दर चौरस मीटरला चारशे किलोहून अधिक भरते. जाड पडद्याचे वजन अर्धा ते एक किलो. महामार्गावरील वाहनांचा आवाज पडद्याने अडेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. अंड्यांचे पुठ्ठे किंवा पातळ स्पंज भिंतीला चिकटवूनही तो अडत नाही.

बाहेरच्या गोंगाटाबाबत कापडाचा एकच खरा उपयोग आहे, तो म्हणजे फटी बुजवण्याचा. दाराखालच्या बोटभर फटीतून पुष्कळ आवाज आत येतो. दाराच्या कडेला नमद्याची पट्टी ठोकली किंवा उंबऱ्याशी कापडाची भरीव गुंडाळी ठेवली, तर फरक जाणवतो. बाकीचा उपाय कायद्यात आहे. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. निवासी भागात ती अनुक्रमे ५५ व ४५ आहे.

पत्र्यावरील पावसाची गोष्टही अशीच आहे. थेंबांच्या माऱ्याने पत्रा स्वतः कंप पावतो आणि नगाऱ्यासारखा वाजतो. खाली कापडी छत ताणल्याने खोलीतील निनाद घटेल. पण पत्र्याचे वाजणे थांबणार नाही. त्यासाठी पत्र्याचे कंपनच दाबणारा जड थर त्याला चिकटवावा लागतो, किंवा खाली वजनदार व बिनफटींचे दुसरे छत घालावे लागते.

आणखी एक सवय घातक आहे. सरकी काढण्याच्या यंत्रांजवळ, पिठाच्या गिरणीत किंवा यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणारे लोक कानात कापसाचा बोळा घालतात. कोरड्या कापसाचा बोळा सच्छिद्र असल्याने त्यातून आवाज आत जातो, आणि संरक्षण मिळाल्याचा केवळ भास होतो. कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. त्याहून मोठ्या आवाजात रोज काम केल्यास श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते. तेथे कान पूर्ण बंद करणारी रबरी किंवा फोमची बुचे अथवा कान झाकणारी साधनेच वापरली पाहिजेत.

दक्षता आणि देखभाल

कापूस पेट घेतो, ही गोष्ट क्षणभरही विसरता कामा नये. ज्या वर्गाशेजारी पोषण आहार शिजतो, तेथे कापड लावण्यापूर्वी चुलीपासूनचे अंतर पाहावे. विजेची बटणे, उघड्या तारा व दिवे यांच्यापासून ते दूर असावे आणि बाहेर पडण्याचा मार्ग कोठेही झाकू नये. टाकणखाराचे ७ भाग आणि बोरिक आम्लाचे ३ भाग कोमट पाण्यात विरघळवून त्यात सुती कापड भिजवून वाळवल्यास ते सहजासहजी भडकत नाही. हे द्रावण मुलांच्या हाती लागू देऊ नये. कापड धुतल्यावर हा गुण निघून जातो, म्हणून प्रत्येक धुलाईनंतर ही प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

धूळ, ओल व कसर हे कापडाचे दुसरे शत्रू. धुळीने छिद्रे बुजली की शोषण घटते, आणि दमा असलेल्या मुलांना तिचा त्रासही होतो. यासाठी गोधड्या कायमच्या न ठोकता नाड्यांनी किंवा कड्यांनी टांगाव्यात, म्हणजे दर पंधरवड्यास उन्हात घालून झटकता येतील. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून त्या दूर ठेवाव्यात.

आरंभ कोठून करावा?

कोणताही खर्च करण्यापूर्वी एक साधी चाचणी घेता येईल. उच्चाराने जवळचे असे पंचवीस शब्द निवडावेत. शिक्षकांनी ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने ते एकेक करून नेहमीच्या आवाजात उच्चारावेत आणि मुलांनी लिहावेत. मागच्या रांगेतील मुलांच्या चुका मोजाव्यात. त्यानंतर चार-पाच घरांतून गोधड्या मागवून त्या मागच्या भिंतीशी दोरीवर टांगाव्यात आणि तितक्याच कठीण अशा दुसऱ्या पंचवीस शब्दांची चाचणी घ्यावी. चुका कमी झाल्या तर उपाय लागू पडला, असे समजून शाळा व्यवस्थापन समितीने पुढचा विचार करावा. चुका कमी झाल्या नाहीत तर गोंगाट बाहेरचा आहे काय, हे पाहावे. अशा चाचणीत एखादे मूल गोधड्या लावूनही सतत चुकत असेल, तर त्याचे कान वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावेत.

गोधडी शिवणे ही या भागातील स्त्रियांच्या हातची जुनी कला आहे. गावातील महिला बचत गटांकडे हे काम सोपवले, तर शाळेची गरज गावातच भागेल आणि त्यांच्या हाताला कामही मिळेल. मोटारींच्या अंतर्भागात आवाज कमी करण्यासाठी जुन्या कापडाच्या चिंध्यांपासून केलेला नमदा वापरला जातो. जे कापड मोटारीतील प्रवाशाच्या सोयीसाठी उपयोगात येते, ते तांड्यावरील मुलाच्या वर्गात यावयास कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

शाळेची इमारत झाली, फळा आला, पुस्तके आली, तरी शिक्षणाचा मोठा भाग अजूनही बोललेल्या शब्दांतून होतो. तो शब्द शेवटच्या रांगेतील मुलापर्यंत अखंड पोहोचतो किंवा नाही, हे पाहणे शाळा चालवणाऱ्या सर्वांचेच कर्तव्य आहे. ज्या गोधडीने त्या मुलाला थंडीत ऊब दिली, तिच्याच जोडीच्या चार गोधड्या वर्गाच्या मागच्या भिंतीशी टांगल्या, तर त्याला ‘पाठ’ हा शब्द ‘पाठ’ असाच ऐकू येईल.